पांढरीतली खापरं आणि पालथी कढई

सुप्याहून आम्ही बोलतोय. हातात काम असेल तर ते चालू द्या, कान तेवढे इकडे ठेवा.

आज बोलायचं आहे मातीच्या भांड्यांवर, मण्यांवर आणि दगडावर. तुमच्या-आमच्या घरातल्या नव्हे, तर तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या. त्यातली बरीचशी आपल्याच भागात, प्रवरेच्या आणि घोडनदीच्या काठी सापडलेली आहेत. थोडी लांबची, पार समुद्रापलीकडच्या मेक्सिको देशातली.

हा विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. हप्ते गोळा करून झाले, वही मिटली आणि एक मावशी म्हणाल्या, यंदा शेतात पांढरीची माती टाकली, पण तीत खापरं एवढी की अनवाणी चालता येईना. दुसऱ्या म्हणाल्या, आमच्याकडे तर जेसीबी लावून अख्खं टेकाड उचललं, तीन दिवस ट्रॉल्या चालल्या होत्या. वेचलेली खापरं कुठं टाकली, असं विचारलं तर म्हणाल्या, बांधावर, नाहीतर काय देव्हाऱ्यात ठेवायची?

काळी आणि पांढरी हे शब्द आपल्याला कुणी शिकवावे लागत नाहीत. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे गावठाण. पण पांढरी पांढरी का, याचा विचार आपण करत नाही. चुलीची राख, शेणाचा सारवा, पडलेल्या भिंतींची माती, चुना, गुराढोरांचं खत हे सगळं एकाच जागी पिढ्यान् पिढ्या साठत जातं. घर पडतं, त्याच्यावर दुसरं उभं राहतं. असं करत करत जमीन उंच होत जाते आणि रंग भुरका होतो. म्हणून ती माती पिकाला चांगली, आणि म्हणूनच तीत खापरं. कुठलीही जुनी पांढरी म्हणजे एकावर एक रचलेल्या शेकडो स्वयंपाकघरांचा ढीग आहे असं समजा.

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथं १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया आणि शांताराम देव या संशोधकांनी पांढरीचं टेकाड खणलं. त्यात एक वेगळ्याच जातीची भांडी निघाली. पुढे तशीच भांडी नेवाशात निघाली, श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला निघाली, शिरूर तालुक्यातल्या इनामगावला निघाली. आता अशी दोनशेहून जास्त ठिकाणं माहीत आहेत. या सगळ्या लोकांना नाव काय द्यायचं? पहिल्यांदा जिथं ओळख पटली त्या गावाचं. म्हणून जगभरच्या पुस्तकांत त्यांना जोर्वे संस्कृतीचे लोक म्हणतात. आपल्या जिल्ह्यातलं एक साधं गाव, आणि त्याचं नाव एका अख्ख्या काळाला मिळालं. काळ कोणता म्हणाल तर इसवी सनापूर्वी १४०० ते ७००. तेव्हा लोखंड सगळीकडं आलेलं नव्हतं. तांबं होतं, पण थोडं. रोजची हत्यारं दगडाचीच.

हे भांडं ओळखायचं कसं, ते सांगतो. आमच्यापैकी काहीजणींनी ते संग्रहालयात काचेमागं पाहिलं आहे. रंग तांबूस, नारिंगीकडं झुकणारा. चाकावर घडवलेलं. माती इतकी चाळून, निवळून घेतलेली की खडा हाताला लागत नाही. वरून तांबड्या मातीचा पातळ हात दिलेला आणि त्यावर काळ्या रंगाच्या रेघा, चौकड्या, तिरप्या जाळ्या. हे रंगकाम भाजायच्या आधीचं, म्हणून तीन हजार वर्षं मातीत राहूनही पुसलेलं नाही. चांगलं भाजलेलं असल्यामुळं टिचकी मारली की खणकन् वाजतं. बाजारात माठ घेताना आपण जी परीक्षा करतो, तीच. घाटही लक्षात राहण्यासारखे आहेत. वाडग्याच्या पोटाला एक धारदार कंगोरा असतो, तिथून ते आत वळतं. आणि दुसरं तोटीचं भांडं. गोल पोट, वर पसरलेलं तोंड आणि खांद्याला चिकटवलेली लांब तोटी.

ही झाली बैठकीतली भांडी. धान्य भरायची मोठी रांजणं मात्र वेगळी. ती हातानं थापलेली, जाड, खरबरीत, आणि तोंडाखाली मातीची वळी चिकटवून तिच्यावर बोटांनी दाबत गेलेली नक्षी. करंजीला मुरड घालताना आपलं बोट जसं एक-एक पाऊल पुढं सरकतं तशी. त्या दाबांमध्ये बोटाची रुंदी कळते. आमच्यातल्या एका ताईंनी काचेवरच आपलं बोट धरून पाहिलं.

आता इनामगावचं सांगतो, कारण ते सुप्याहून जवळ आहे. पुणे रस्त्यानं शिरूर गाठलं की घोडनदी लागते. तिच्याच काठानं पुढं इनामगाव. आपल्या निघोजची कुकडी याच घोडनदीला जाऊन मिळते, म्हणजे पाणी एकच. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलं. सांकलिया होते, मधुकर ढवळीकर होते, झैनुद्दीन अन्सारी होते. भारतात एक गाव इतक्या सावकाशीनं, घर अन् घर खणून फारसं कुणी पाहिलेलं नाही. शंभराहून जास्त घरं निघाली. कुडाच्या भिंती, शेणामातीनं लिंपलेल्या. जमीन चोपून केलेली. चूल, आणि चुलीजवळ जमिनीत बसवलेले चार चपटे दगड. हे दगड कशाला, याचा उलगडा धान्याच्या चार पायांच्या रांजणानं झाला. पाय ओल्या जमिनीला लागू नयेत म्हणून खाली दगड. कणगीखाली आपल्या आजीनं हेच केलेलं आहे.

खायला काय होतं? जव मुख्य. गहू, मसूर, वाटाणा, वाल, हुलगे. हुलग्याचं नाव ऐकून आमच्या बैठकीत हशा झाला. साडेतीन हजार वर्षं झाली तरी पावसानं दगा दिला की आपल्या ताटात शेंगोळेच! नदीच्या पुराचं पाणी वळवायला त्यांनी पाट खणला होता, दगडमातीचा बांध घातला होता.

आणि गावाची रचना पाहा. मधोमध खात्यापित्या शेतकऱ्यांची घरं. त्यात एक पाच खोल्यांचं घर, शेजारी धान्याचं कोठार, ते गावच्या मुख्याचं असावं असं मानतात. कुंभार, सोनार, मणी करणारा, चुना भाजणारा यांची घरं पश्चिमेच्या कडेला. ज्यांच्या हातच्या भांड्यामुळं त्या काळाला नाव मिळालं ते तेव्हाही गावाच्या कडेलाच होते. हे वाचलं तेव्हा आम्हाला थोडं लागलंच.

मण्यांचं आता. आपल्या रानात नांगरताना गारगोटे निघतात, पांढरे, दुधी, तांबूस, कधी आत कडी-कडीच्या रेषा असलेले. काळा पाषाण थंड होताना त्यात पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत हे गारगोटे तयार झाले. अकीक म्हणतात तो हाच. जोर्वे काळातल्या माणसांनी याच गारगोटीच्या पात्या काढल्या. लांब, वस्तऱ्यासारख्या. लाकडाच्या खोबणीत ओळीनं बसवल्या की झाला विळा. आणि याचेच मणी. दगड भाजला की त्याचा तांबडा रंग खुलतो, हे त्यांना ठाऊक होतं. मग फोडायचा, घासायचा, गोल करायचा आणि बारीक दगडी सामत्यानं दोन्ही बाजूंनी भोक पाडत मध्यावर मिळवायचं. एका मण्याला किती वेळ जात असेल, ते सुईत दोरा ओवायला कंटाळणाऱ्या आपण काय सांगणार! मातीचे मणी होते, तांब्याचे होते, सोन्याचेही थोडे होते.

नेवाशाचं एक सांगतो. नेवासं म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरी आठवते, पैस खांब आठवतो. त्याच नेवाशाच्या पांढरीत, खांबाच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीच्या थरात, एका लहान मुलाचं दफन निघालं. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याला जो गंज चढतो त्यानं आतला दोरा सडू दिला नाही. तो दोरा तपासला तर रेशीम आणि कापूस निघाला. कुणीतरी कातलेला, कुणीतरी ओवलेला, आणि लेकराच्या गळ्यातून काढून न घेतलेला.

हे थोडं सावकाश सांगायला हवं. या लोकांमध्ये लहान मूल गेलं की त्याला गावाबाहेर नेत नसत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, मध्ये लेकरू, आणि ते घराच्या जमिनीखाली पुरायचं. वर पुन्हा सारवण. इनामगावात अशी कितीतरी दफनं निघाली, आणि सगळ्या दफनांत बहुतेक लहान मुलांचीच. बाजूला एखादं तोटीचं भांडं, एखादा वाडगा. मोठ्या माणसाला खड्ड्यात निजवत, पण घोट्याखालची पावलं तोडून. मेलेलं माणूस चालून जाऊ नये म्हणून असेल, असा जाणकारांचा तर्क आहे. फक्त त्या पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात एक माणूस चार पायांच्या फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला सापडला. त्याची पावलं शाबूत होती.

घरातच पुरलेल्या लेकरांबद्दल पुस्तकं बरंच काही म्हणतात. आमच्या बैठकीत मात्र कुणी फार बोललं नाही. एक आजी एवढंच म्हणाल्या, चुलीपाशी ठेवलं असेल, गारठू नये म्हणून.

त्याच इनामगावात एका घराच्या जमिनीखाली मातीचा एक लांबट डबा निघाला, झाकणासकट. तो काळ इसवी सनापूर्वी तेराशेच्या आसपासचा. डब्याच्या आत एका बाईची मातीची मूर्ती. तिला शीर नाही. मोडलेलं नव्हे, मुळातच घडवलेलं नाही. डब्याच्या वर दुसरी एक बाई, हिला शीर आहे, आणि सोबत एक बैल. हे सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. गंमत अशी की शीर नसलेल्या बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीवरही भोकं. काडी खोचली की बाई बैलावर बसते.

ढवळीकरांनी तिला देवी मानलं. आपल्याकडं शीर नसलेल्या देवीच्या मूर्ती पुढच्या काळातही मिळतात, लज्जागौरी म्हणतात ती तशीच. आणि माहूरच्या रेणुकेचं पाहा, तिथं उलट, नुसतं मुख, धड नाही. इनामगावच्या बाईचं आणि या देव्यांचं नातं कसं जोडायचं ते अभ्यासकांवर सोडू. पण कच्च्या मातीचं आम्हाला कळतं. जी मूर्ती कायमची ठेवायची ती भाजतात. जी व्रतापुरती करायची ती कच्चीच राहते. हरतालिकेला वाळूची पिंड करतो, बेंदराला मातीचे बैल करतो, ते कुणी आव्यात घालत नाही. इनामगावची मूर्तीही तशीच कुठल्यातरी व्रताची, नवसाची असणार असं आम्हाला वाटतं. घरात पुरलेली लेकरं आठवली तर नवस कशाचा असेल हेही वाटतं.

आता थोडं लांब जाऊ. आपल्या जमिनीत ही मडकी भाजली जात होती, त्याच सुमारास पृथ्वीच्या पार दुसऱ्या अंगाला, आज ज्याला मेक्सिको म्हणतात त्या देशात, समुद्राकाठच्या दलदलीत ओल्मेक नावाचे लोक राहत होते. आपला त्यांचा काही संबंध नव्हता. त्यांचा मका, आपला जव. पण दोन्हीकडं दगड एकच, काळा पाषाण, ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा. निघोजला कुकडीच्या पात्रात पाण्यानं कोरलेले रांजणखळगे ज्या दगडात आहेत, त्याच जातीचा.

त्या दगडाची त्यांनी माणसांची डोकी केली. नुसती डोकी, मान नाही, धड नाही. सर्वांत मोठं ३.४ मीटर उंच, म्हणजे दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर वरच्याचा हात कसाबसा माथ्याला लागेल. वजन चाळीस टनांच्या घरात. उसाच्या भरल्या ट्रॉल्या डोळ्यांपुढं आणा. आतापर्यंत अशी १७ डोकी मिळाली आहेत. जाड ओठ, बसकं नाक, डोक्याला घट्ट टोपी, आणि प्रत्येकाचा चेहरा वेगळा. ती कुणा देवाची नसून खऱ्याखुऱ्या राज्यकर्त्यांची असावीत, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दगड मात्र डोंगरातून आणावा लागे, कोसन् कोस. आणि त्यांच्याकडं बैल नव्हता, गाडीचं चाक नव्हतं, लोखंडही नव्हतं. माणसांनी दोरानं ओढलं, ओंडक्यांवर ढकललं, कुठं पाण्यातून तराफ्यावर नेलं असेल. घडवताना दगडानंच दगड ठोकून टवके काढायचे. जात्याला टाकी लावणाऱ्या वडारणी आपण पाहिल्यात. त्यांच्या हातात निदान पोलादी टाकी असते.

यातलं पहिलं डोकं जगाला कसं कळलं, ते ऐकण्यासारखं आहे. शेतासाठी जंगल साफ करताना एका मजुराला जमिनीत काहीतरी गोल, काळं, मोठं दिसलं. त्याला वाटलं, लोखंडाची भली मोठी कढई पालथी पडली आहे. माती उकरली तर खालून डोळे निघाले. १८६२ साली मेल्गार नावाच्या गृहस्थानं ते जाऊन पाहिलं आणि पुढं त्याबद्दल छापलं.

दुसरी कारागिरी जेडची. जेड म्हणजे हिरवा, गुळगुळीत, अतिशय चिवट दगड. साध्या सुरीनं त्यावर ओरखडा उठत नाही. मग कापायचा कसा? दोरी, वाळू आणि पाणी. ओली वाळू दगडावर टाकायची आणि दोरी मागंपुढं ओढत राहायची. कापते ती वाळू, दोरी फक्त तिला फिरवते. भोक पाडायचं तर पोकळ बोरू किंवा हाड घ्यायचं, पुन्हा वाळू घालून घुसळायचं. रवी फिरवतो तसं. दिवसच्या दिवस. यातून त्यांनी मणी केले, कुऱ्हाडी केल्या, मुखवटे केले. मातीकामही होतं. आतून पोकळ, गुटगुटीत मातीची बाळं त्यांनी घडवली, बसलेली, पाय फाकलेली, एखादं बोट तोंडाशी नेणारं. चाक नसल्यानं सगळं हातानं.

ला वेंता या त्यांच्या ठिकाणी १९५५ साली जमिनीखाली एक मांडामांड सापडली. हिरव्या दगडाच्या सहा उभ्या कुऱ्हाडी आणि त्यांच्यापुढं सोळा छोटी माणसं, घोळक्यानं उभी. एकाला सगळ्यांनी घेरलेलं. बैठक चालली असावी तशी. ही त्यांनी मुद्दाम मांडून पुरली होती. आणि खोदणाऱ्यांच्या लक्षात आलं की पुरल्यानंतर बऱ्याच काळानं कुणीतरी वरून नेमक्या तेवढ्याच जागी खड्डा घेतला, माणसं जागेवर आहेत ना ते डोक्याइतक्या खोलीपर्यंत पाहिलं, आणि पुन्हा बुजवून टाकलं. वर जमीन सपाट असताना ती जागा त्यांनी लक्षात ठेवली होती.

अजून एक गोष्ट सांगतो. १९६५ साली त्याच भागात लास लिमास नावाच्या खेड्यात दोन पोरं ताडासारख्या झाडाची कठीण फळं फोडायला दगड शोधत होती. जमिनीतून वर आलेला एक गुळगुळीत हिरवा दगड बरा वाटला. त्यावर ठोकायला लागली तर तो दगड म्हणजे एका मूर्तीचं डोकं! उकरून काढली. मांडी घालून बसलेला तरुण, दोन्ही हातांवर आडवं घेतलेलं बाळ, उंची पंचावन्न सेंटिमीटर. घरच्यांनी ती घरी नेली. गाव ख्रिस्ती. बाळ घेतलेली मूर्ती म्हटल्यावर त्यांनी ती मेरीमाता समजून स्थापन केली, मेणबत्त्या लावल्या. आपण शेंदूर लावला असता. विहिरीवरच्या साती आसरांतली एखादी जुन्या वीरगळाचा तुकडा नसेलच, असं कोण सांगेल? पुढं ती मूर्ती संग्रहालयात गेली, १९७० साली तिथून चोरीला गेली आणि शेवटी अमेरिकेतल्या एका लॉजच्या खोलीत सापडली. परत आणली गेली. किंमत कळली की चोर येतोच, ही गोष्ट तिकडचीही तशीच.

आता परत आपल्या जिल्ह्यात या. दायमाबादला १९७४ साली एक भिल्ल शेतकरी झुडपाचं खोड खणून काढत होता. मुळाशी धातूच्या चार वस्तू लागल्या. एक रथ, दोन बैल जुंपलेला, हाकणारा माणूस उभा. एक हत्ती. एक गेंडा. एक रेडा. सगळं भरीव ओतकाम, मिळून साठ किलोहून जास्त वजन. रेड्याला आणि गेंड्याला चाकं, ओढायला करावीत तशी. या वस्तू नेमक्या कुठल्या काळातल्या यावर विद्वान अजून भांडतात, पण इतकं जुनं आणि इतकं भारी ओतकाम देशात दुर्मीळ, यावर भांडण नाही. त्या शेतकऱ्याच्या घरी साठ किलो धातू होता. मोडीत घातला असता तर कुणाला कळलंही नसतं. त्या वस्तू वितळल्या नाहीत, म्हणून आज आपण त्यांच्यावर बोलतोय. यानंतर १९७५ ते १९७९ पर्यंत साळी यांनी दायमाबादची पांढरी खणली आणि एकावर एक पाच काळांची वस्ती उलगडली.

आता कामाचं बोलू, कारण मघाच्या मावशींचा प्रश्न तसाच आहे.

जमिनीत काही मौल्यवान सापडलं तर त्याला कायदा आहे, इंग्रजांच्या वेळचा, १८७८ सालचा, निखात निधी अधिनियम. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. न कळवता ठेवून घेणं गुन्हा. कळवलं तर मात्र आपला हक्क बुडत नाही. मालक कुणी निघाला नाही तर सापडवणाऱ्याचा तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाचा एक चतुर्थांश वाटा, असं त्यात आहे. सरकारनं वस्तू स्वतःकडं ठेवली तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे मजुरीवर खणणाऱ्या बाईला हंडा लागला तर पहिला वाटा तिचा आहे, शेतमालकाचा नंतर. हे आमच्या गटात कुणालाच माहीत नव्हतं. कागद तलाठ्यांकडं दिला तर पोच घ्यावी, नुसतं तोंडी सांगू नये.

आणि शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, शिल्पं यांना १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो. पारावरचा वीरगळ, सतीशिळा, देवळाबाहेर पडलेलं जुनं शिल्प कुणी पाहुणा चार पैसे देऊन मागू लागला तर देऊ नका. तसंच जीर्णोद्धाराच्या हौसेनं त्यावर ऑइलपेंट फासू नका. रंगाखाली कोरीव रेघ बुजते आणि नंतर रंग खरवडताना दगडाचं पापुद्रं निघतं.

गुप्तधनाचं एक बोललंच पाहिजे. पांढरीत हंडा आहे, त्यावर नाग आहे, त्याला अमुक एक दिलं की वर येतो, असं सांगणारे भोंदू अजून फिरतात आणि या सगळ्यात बळी पडतो तो बाईचा नाहीतर लेकराचा. महाराष्ट्रात २०१३ पासून याविरुद्ध कायदा आहे. कुणाच्या घरी रात्रीचं खणणं, पायाळू पोराची चौकशी असलं काही चाललेलं कळलं तर गप्प बसू नका, पोलीस पाटलाला नाहीतर ठाण्यात कळवा. आम्ही तुम्हाला आत्ता जे सांगितलं त्यात हंडा किती वेळा आला? पाच काळांच्या वस्त्या खणल्या तरी निघालं ते खापर, राख, जळके हुलगे, दगडी पाती आणि लेकरांची हाडं. पांढरीतलं धन हेच आहे, आणि ते चोराच्या काही कामाचं नाही.

मग खापरांचं काय करायचं? तर पहिली गोष्ट, ती घरी आणून शोकेसमध्ये लावायची नाहीत. खापर कुठं, किती खोल, कशाच्या शेजारी होतं यातच त्याची माहिती असते. जागेवरून उचललं की ते मुकं होतं. जेसीबीनं टेकाड उचललं की सगळे थर एक होतात. तीनशे वर्षांपूर्वीचं आणि तीन हजार वर्षांपूर्वीचं एका ट्रॉलीत. पांढरीची माती नेणं थांबवा असं आम्ही म्हणालो तर तुम्ही म्हणाल, खताचा भाव तुम्ही देणार का? म्हणून एवढंच सांगतो. मातीत काळ्या रेघांचं नारिंगी खापर दिसलं, तोंडाला तोंड लावलेली मडकी दिसली, हाडं दिसली, तर त्या जागेचं काम थांबवा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीत लेखी द्या. ग्रामसभेत महिलांच्या बाजूनं हा एक विषय ठेवता येतो. गावठाणाच्या जुन्या टेकाडातून यंत्रानं माती उचलू नये, असा ठराव घ्यायला पैसे लागत नाहीत.

इनामगावचा शेवटही सांगायचा राहिला. इसवी सनापूर्वी हजारच्या सुमारास पाऊस कमी होत गेला. गहू गेला, जव तेवढा उरला. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. भांड्यांवरची रंगाची रेघ ढोबळ झाली. गुरं कमी आणि शिकारीच्या हरणांची हाडं जास्त मिळू लागली. त्या काळातल्या मुलांच्या हाडांवरून त्यांची वाढ खुंटलेली होती असं तपासणारे सांगतात. तरी तीनशे वर्षं ते लोक तिथंच टिकून राहिले, आणि सातशेच्या सुमारास गाव उठलं. पारनेर तालुक्यातल्या बायकांना यातलं काही वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांना बघायचं आहे त्यांच्यासाठी. पुण्यात येरवड्याला डेक्कन कॉलेजचं पुरातत्त्व संग्रहालय आहे, इनामगावच्या वस्तू तिथं आहेत. जाण्याआधी फोन करून वेळ विचारून घ्या आणि गट म्हणून येतोय असं सांगा, म्हणजे समजावून सांगणारं कुणी मिळतं. नगरलाही ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय आहे. जाताना गावातली एखादी कुंभारीण मावशी बरोबर घ्या. आमच्याबरोबर होत्या. तोटी खांद्याला कशी चिकटवली असेल, भेग का गेली नाही, ओलं असतानाच लावली की थोडं सुकल्यावर, हे त्यांनी काचेबाहेर उभं राहून हातवारे करत सांगितलं, आणि तिथले दोन विद्यार्थी वही काढून लिहून घेत होते.